विटांचा हिशेब कोणी करायचा?

केंब्रिजच्या वाढीचा प्रश्न गेली काही वर्षे लंडनच्या दरबारात गाजतो आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे मंत्री मायकेल गोव्ह यांनी या शहराभोवती दीड लाख घरांची कल्पना मांडली. २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने देशात १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिज पट्ट्याच्या विकासाचा जोरदार पुरस्कार केला. घरे हवीत याबद्दल वाद नाही. पण या आकड्यांच्या गर्दीत एक लहान गिऱ्हाईक मात्र कोणाच्या ध्यानात नाही. ज्याला नवे घर परवडत नाही, म्हणून जो आहे तेच घर मागच्या बाजूने वाढवतो, असा हा माणूस. भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी तळमजल्यावर खोली हवी म्हणून असे काम काढणारी आपली मंडळीही यात आली.

मोठ्या वसाहती आणि ही छोटी कामे यांना विटा, सिमेंट आणि गवंडी एकाच बाजारातून मिळवावे लागतात. फरक इतकाच की नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य टक्के आहे, तर जुन्या घराला खोली जोडली की बहुधा २० टक्के. टंचाईचा फटकाही लहान माणसाला आधी बसतो. २०२० च्या उन्हाळ्यात प्लॅस्टरच्या गोण्या मिळेनात. २०२१ मध्ये लाकूड आणि सिमेंट यांची तीच गत झाली. बाजारभाव आपल्या हातात नाही. माल किती लागेल याचा अंदाज मात्र आपल्या हातात आहे, आणि तोच आपण पूर्णपणे कंत्राटदारावर सोपवतो.

साधे गणित

तीन मीटर लांब व चार मीटर रुंद अशी एकमजली खोली घराच्या मागे जोडायची आहे असे धरू. दोन बाजू आणि मागची भिंत मिळून लांबी १० मीटर. उंची अडीच मीटर, म्हणजे २५ चौरस मीटर. दारे-खिडक्यांचे ५ वजा केले की उरले २०. येथील प्रमाणित वीट २१५ मिलिमीटर लांब आणि ६५ मिलिमीटर उंच असते. सांध्यासकट बाहेरच्या पदराला चौरस मीटरमागे ६० विटा लागतात, म्हणजे १,२०० विटा. तुटफुटीचे पाच ते दहा टक्के धरून १,२६० ते १,३२०. आतल्या पदराला चौरस मीटरमागे १० ब्लॉक, म्हणजे २००. एवढे गणित शाळकरी मूलही करील.

आपल्याकडची सवय मात्र येथे जशीच्या तशी चालत नाही. महाराष्ट्रात रेती-खडी ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी मोजतात. सिमेंटचे पोते ५० किलोचे. येथे गोणी साधारण २५ किलोची आणि वाळू टनावर. गावाकडून फोनवर दिलेला 'इतकी पोती पुरतील' हा सल्ला येथे निम्म्यावर येतो.

खरा धोका जमिनीखाली

विटांत चूक झाली तर शंभर-दोनशे विटांची होईल. पायाचे तसे नाही. केंब्रिजच्या बऱ्याच भागाखाली गॉल्ट चिकणमाती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जवळ मोठे झाड असेल तर अधिकच. १० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर खोल चराला ६ घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे साधारण एक गाडी. इन्स्पेक्टरने चर पाहून खोली दीड मीटर सांगितली की तेच ९ घनमीटर होते आणि दुसरी गाडी मागवावी लागते. शिवाय उपसलेली माती फुगून सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढते. ती वाहून नेण्याचे पैसे निराळे.

मिल रोडच्या आसपास, रेल्वे आल्यानंतर वसलेल्या जुन्या चाळवजा घरांत आणखी एक अडचण येते. ती फिकट पिवळी वीट याच मातीची, पण इंची मापाची. तिचे चार थर म्हणजे साधारण एक फूट. १९७० च्या दशकात आलेल्या मेट्रिक विटेचे चार थर ३० सेंटिमीटर. अडीच मीटर उंचीपर्यंत जाताना सुमारे चार सेंटिमीटरचा फरक पडतो आणि थर जुळत नाहीत. मग जुन्या विटा शोधाव्या लागतात. त्यांत फुटक्या अधिक निघतात, म्हणून तुटीचे प्रमाणही वाढवून धरावे लागते.

म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हाती आलेला कागद एस्टिमेट आहे की कोटेशन? एस्टिमेट हा नुसता अंदाज. मान्य केलेले कोटेशन ही ठरलेली किंमत. दुसरी, त्यात परिमाणे लिहिली आहेत का? विटा किती, पाया किती खोल धरला, माती किती उचलणार, आणि खोली वाढली तर प्रत्येक घनमीटरमागे दर काय? नुसती एकगठ्ठा रक्कम दिली असेल तर वाढलेल्या खर्चावर वाद घालायला गिऱ्हाइकाच्या हाती काही उरत नाही. चांगला कंत्राटदार असे प्रश्न विचारल्याने रागावत नाही. त्याने हा हिशेब आधीच केलेला असतो.

सरकारची लाखो घरे केव्हा उभी राहतील ते राहोत. तोवर बाजारात ओढाताण होणार हे गृहीत धरावे आणि घरातल्या कोणीतरी टेप, कागद व पेन्सिल घेऊन एक संध्याकाळ या कामी घालवावी. आयुष्यभराची शिल्लक ज्या चरात ओतायची, त्याची खोली तरी आपल्याला ठाऊक असावी.