सुट्टीची शिदोरी : तंबू उभारणार कोण?

मित्र-मैत्रिणींनो, सुट्टी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. या वेळी त्यात तंबूची पत्रं बरीच आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच, ‘कोणता तंबू चांगला?’ पण सातवीतल्या एका मुलीने जरा वेगळं विचारलंय. तिचे बाबा पूर्वी खूप गड हिंडलेले. अपघातानंतर त्यांच्या उजव्या हातात जोर राहिला नाही. चालायला काही अडचण नाही. डिसेंबरात बापलेक दोघंच मुक्कामी जायचं म्हणतायत. ती लिहिते, ‘आम्हा दोघांनाच उभारता येईल असा तंबू असतो का? शेजारच्या तंबूतल्या काकांना हाका माराव्या लागल्या तर बाबांना आवडणार नाही.’

मला हा प्रश्न फार आवडला. दुकानात सगळेच तंबू छान दिसतात, कारण तिथे ते दुकानदाराने आधीच उभारून ठेवलेले असतात! तुम्ही मुक्कामाला पोचता तेव्हा मात्र संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, वारा सुटलेला असतो, पाय दुखत असतात आणि धाकटा भाऊ ‘भूक लागली’ म्हणून रडत असतो. तेव्हा जो तंबू मुकाट्याने उभा राहतो, तो चांगला तंबू. रंग, खिडक्या, खिसे हे सगळं नंतर.

मोगल बादशहांना ही चिंता नव्हती. बर्निये नावाचा फ्रेंच डॉक्टर औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरपर्यंत गेला होता. त्याने लिहून ठेवलंय, की बादशहाकडे तंबूंचे दोन संच असत. एका संचात बादशहा मुक्कामाला असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामाकडे रवाना झालेला असे. तो एक संच वाहून न्यायला साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत! म्हणजे बादशहा पोचायच्या आत त्याचं ‘घर’ तयार. पण याच औरंगजेबाच्या तंबूची पुढे काय गत झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. १६८९ साली तुळापूरजवळच्या छावणीत संताजी घोरपडे, विठोजी चव्हाण आणि त्यांचे सोबती रात्री घुसले, तंबूचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन पसार झाले, अशी हकिकत आपल्याकडे सांगतात. तणावे म्हणजे तंबूला चहूबाजूंनी ताणून धरणारे दोर. ते गेले की एवढा मोठा डेराही खाली.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तंबूंच्या दोन जाती इथेच वेगळ्या होतात. जुना तंबू, म्हणजे स्काउटच्या शिबिरातला कॅनव्हासचा, हा पूर्णपणे तणाव्यांच्या जिवावर उभा असतो. दोन खांब मध्ये, बाकी सगळी कामगिरी दोर आणि मेखांची. तो उभारायला निदान तिघं लागतात : एकेका खांबाला एकेक आणि तिसरा मेखा ठोकायला. चौथा सूचना द्यायला असतोच, त्याला बोलवावं लागत नाही.

दुसरी जात घुमटाची. लवचिक पोल कमानीसारखे वाकवायचे, की ते कापडाला आतून ताण देतात. मेख न ठोकताही हा तंबू स्वतःच्या पायावर उभा राहतो. १९५५ साली अमेरिकेतल्या बिल मॉस या चित्रकाराने फायबरग्लासच्या लवचिक काड्या वापरून असा छत्रीसारखा फुलणारा तंबू केला, आणि त्यानंतर तंबूंचा आकारच पालटला. तुम्ही आज गडावर पाहता ते बहुतेक तंबू या घुमटाच्या जातीचे.

आता आपल्या सह्याद्रीत हे का महत्त्वाचं? गडाच्या माथ्यावर माती किती असते, तुम्हीच आठवून पाहा. वीतभर मातीखाली काळा कातळ. मेख दोन बोटं आत जाते आणि टण्ण करून वाकते. तिथे तणाव्यांवर उभा राहणारा तंबू घेऊन गेलात तर रात्रभर चांदण्या मोजाल. घुमटाचा तंबू आधी उभा करायचा, मग उचलून हवा तिथे ठेवायचा आणि दोऱ्या मोठाल्या दगडांना बांधायच्या. कोकणात समुद्रकाठी उलटी तऱ्हा. वाळूत मेख सहज जाते आणि तितक्याच सहज निघून येते. तिथे पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि पिशवी खड्ड्यात पुरायची. ही युक्ती वाळूत मेखेपेक्षा कितीतरी पक्की.

मात्र ‘स्वतःच्या पायावर उभा राहतो’ याचा अर्थ ‘बांधायची गरज नाही’ असा घेऊ नका हं. रिकामा घुमट म्हणजे मोठा पतंगच. तंबू उडणं किती महागात पडू शकतं ते अंटार्क्टिकात तीन माणसांनी अनुभवलंय. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गरार्ड हे १९११च्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या चोवीस तासांच्या अंधारात, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेले होते. वादळाने त्यांचा तंबू उचलून नेला. तंबू नाही म्हणजे परत जाणं नाही, हे तिघांनाही कळलं होतं. वादळ निवल्यावर त्यांनी अंधारात शोध घेतला आणि सुमारे अर्ध्या मैलावर, उताराच्या पायथ्याशी, तो मिटलेल्या छत्रीसारखा सापडला. म्हणून ते तिघं तळावर परतू शकले. आपल्याकडे फार तर तंबू दरीत जाईल, पण भर रात्री दरीच्या कडेला त्याच्यामागे धावणारा कुणीतरी तुमच्यातलाच असेल. तेव्हा तंबू उभा केल्याबरोबर आधी चारही कोपऱ्यांत सॅक ठेवा आणि दोऱ्या बांधा. गप्पा मग.

मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून दूर कललेलं हवं आणि टोक तंबूकडे. उभी सरळ ठोकलेली मेख दोरी ओढली की निघते.

बरं, दुकानात गेल्यावर काय पाहायचं? एकच गोष्ट पाहायची : उभारलेला तंबू दुकानदाराला पाडायला सांगा आणि तुम्ही तो उभारा. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान. पुण्या-मुंबईत तंबू भाड्यानेही मिळतात. आधी एका मुक्कामापुरता भाड्याने आणून गच्चीवर उभारून पाहिलात तर आईबाबांचे पैसे वाचतील (आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी). घड्याळ लावा. दोघांना पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं लागली तर हरकत नाही, तिसऱ्या वेळी दहाच्या आत यायला हवं. नंतर एकदा डोळे मिटून पोल जोडून पाहा. हसू नका, अंधारात तेच करायचं आहे.

उभारताना लक्षात येईल, की सगळी कटकट पोलांपाशी होते. पोल जितके कमी तितकं बरं. दोन पोलांचा साधा घुमट सर्वांत सोपा. तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे पोल असतील तर त्यांच्या टोकांना आणि कापडाला जुळणारे रंग आहेत का ते बघा. काही तंबूंत पोल कापडाच्या लांब बोगद्यातून सरकवायचा असतो. तिथे तो नेहमी ढकलायचा, ओढायचा नाही. ओढलात की सांधा निसटतो आणि पोल बोगद्यात अडकून बसतो. काही तंबूंत बोगद्याऐवजी आकडे असतात. पोल आधी वाकवून उभा करायचा आणि कापड आकड्यांनी त्याला लटकवायचं. फायबरग्लासचे पोल स्वस्त असतात पण जड, आणि तडकले की त्यांची कुसळं हातात घुसतात. अॅल्युमिनियमचे हलके पण महाग.

आता त्या पत्रातल्या मैत्रिणीसाठी. तू आकड्यांचा, दोन पोलांचा तंबू बघ. आकडे एका हाताने लावता येतात, बोगद्याला मात्र दोन्ही हात गुंततात. जोर लागतो तो फक्त पोल वाकवताना, कारण एक टोक खाचेत बसवलं की दुसरं बसवताना पहिलं निसटतं. त्यावर उपाय आहे. आधी एका बाजूचे दोन कोपरे मेखांनी नाहीतर दगडांनी पक्के कर. तिकडची टोकं खाचेत बसवून तिथे बाबांना पाय टेकवून उभं राहू दे. आता समोरून तू पोल ढकल, कमान आपोआप वर उठेल. ताकद बाबांच्या पायाची, हात तुझे. घरी चार वेळा केलंत की गडावर कुणाला हाक मारावी लागणार नाही.

तुम्ही गाडीने जाणार असाल तर आणखी दोन प्रकार आहेत. एकात पोल कायमचे तंबूला जोडलेले असतात आणि छत्रीसारखे ताणून खटक्यात बसवायचे असतात. दुसऱ्यात पोलच नसतात, पंपाने हवा भरायच्या नळ्या असतात. दोन्ही उभारायला सोपे, पण पाठीवर न्यायला जड. आणि तो हवेत भिरकावला की दोन सेकंदांत उघडणारा तंबू? उघडतो खराच. पण तो परत मिटवताना भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि मिटवल्यावर त्याची जी मोठी गोल चकती होते ती एसटीच्या फळीवर मावत नाही. घ्यायचा तर आधी मिटवायला शिका, उघडायला शिकावं लागत नाही.

इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रेलियाकडे तर मोटारीमागे दोन चाकांची पेटी जोडून नेतात. झाकण उलटं टाकलं की पलंगासकट तंबू बाहेर येतो. जाहिरातीत ‘काही मिनिटांत’ असं असतं, पण ती वेळ मुख्य तंबूची. पुढचा मांडव जोडायला जो वेळ लागतो तो जाहिरातीत धरलेला नसतो. म्हणून तिकडेही जाणतं गिऱ्हाईक विक्रेत्याला बाजूला उभं करून स्वतः उभारून पाहतं.

आकाराबद्दल थोडं. ‘चार माणसांचा’ असं लिहिलेलं असतं ते खांद्याला खांदा लावून, हलायचं नाही अशा बेताने. सामान आत ठेवायचं तर एक माणूस वजा करा. कापडावर १५००, ३००० असे आकडे मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. कापडावर पाण्याचा तेवढा उंच स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. तळाच्या कापडाचा आकडा मोठा हवा, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का पाहा, पाणी शिवणीच्या भोकांतूनच येतं. आणि दोन पदरी तंबूच घ्या. आपल्या श्वासातली वाफ रात्री गार कापडावर दंव होऊन जमते. दोन पदर असले की ते थेंब बाहेरच्या कापडावरून ओघळतात, तुमच्या नाकावर नाही.

एक सक्त ताकीद. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी, स्टोव्ह, निखारे न्यायचे नाहीत. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही आणि जीव जातो. वर नायलॉन क्षणात पेटतं ते वेगळंच. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला. मुक्कामाला परवानगी आहे का हेही आधी विचारून घ्या, बऱ्याच गडांवर आणि जंगलांत ती नसते.

आवरताना पोल मधल्या सांध्यापासून मिटवायला घ्या, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर सगळीकडे सारखा ताण येतो. तंबू ओला असेल तर घरी आल्या दिवशीच गॅलरीत पसरा, नाहीतर बुरशीचा वास पुढच्या सुट्टीपर्यंत जात नाही. आणि मेखा मोजा. जाताना बारा होत्या तर येताना बारा.