बॅटरीच्या सायकलची सवलत नावाला नाही, प्रमाणपत्राला आहे

भालकी, औराद किंवा आळंदमध्ये बॅटरीची सायकल घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, "लायसन लागतं का?" "सायकलच आहे, काही लागत नाही," असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत गिऱ्हाइकाला मोजावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) नुसार मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर बॅटरीवर चालणारं ते वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. मग नोंदणी, परवाना, विमा काहीच लागत नाही. पॅडलला मदत करणाऱ्या सायकलींसाठी वेगळं कलम आहे. वेग वाढेल तशी मोटारीची मदत कमी व्हावी, २५ ला ती बंद व्हावी आणि पाय थांबले तर त्याआधीच थांबावी. मात्र हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. ही अट दुकानात कुणी सांगत नाही.

पॅडल न मारता नुसती रेस पिळून पळणारी सायकल त्या पॅडलच्या कलमात बसत नाही. तिला सूट मिळते ती कमी वेगाच्या बॅटरी स्कूटरप्रमाणे, फक्त शक्ती आणि वेगाच्या अटींवर. युरोपात अशी सायकल साध्या सायकलीत मोजत नाहीत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र वर्गच केला आहे. आपल्या नियमात मात्र रेसचा उल्लेखच नाही.

खरा धोका किटचा. जुन्या सायकलीला हब मोटार, कंट्रोलर आणि रेस बसवली, तर त्या जोडणीची चाचणी कुणी केलेली असते? मोटार ५०० वॅटची निघाली किंवा कंट्रोलरमधली वेगमर्यादा काढून टाकली, तर ती सायकल कायद्यानं मोटार वाहन ठरते. तिच्यावर आठवीतला मुलगा शाळेला निघाला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपघातात कुणी जखमी झालं तर विमा नसल्यामुळे भरपाई घरातूनच द्यावी लागेल. नियम केंद्राचा आहे, त्यामुळे राज्याची सीमा ओलांडून महाराष्ट्रात उदगीर किंवा निलंग्याला गेलं तरी सुटका नाही.

म्हणून रेसवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, पायानं अधू असलेल्याला, शेतावरून दमून परतणाऱ्या बाईला तीच रेस आधार देते. बंदी आली तर हीच माणसं घरी बसतील.

मागणी साधी आहे. चाचणी प्रमाणपत्राचा क्रमांक, वॅट आणि वेग सायकलच्या सांगाड्यावर आणि बिलावर कन्नड व मराठीत छापणं सक्तीचं करा. किटलाही तीच अट लावा. केंद्रानं रेसच्या सायकलीसाठी नियमात स्वतंत्र, स्पष्ट ओळ घालावी. आणि बिदर, भालकी, बसवकल्याण, कलबुर्गीच्या आरटीओंनी रस्त्यावर पोरांना अडवण्याआधी दुकानांची तपासणी करावी. वाहन कायद्यात बसतं की नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं विकणाऱ्यानं उचलायचं आहे. तोवर वाचकांनी एवढं करावं: प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.