फतवा आणि फिरनी

वृत्तवाहिन्यांच्या लेखी मुसलमानाची श्रद्धा दोनच गोष्टींत असते. रमजानच्या महिन्यात महंमद अली रोडवरची फिरनी आणि उरलेले अकरा महिने फतवा. रोजा माणसाला काय शिकवतो, जकात कुणाच्या हक्काची, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही.

फतवा म्हणजे तरी काय? कुणी प्रश्न विचारला, तर मुफ्तींनी अभ्यास करून दिलेले मत. तो हुकूम नव्हे. फतव्याला कायद्याचे बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही ७ जुलै २०१४ रोजी सांगितले. तरीही कुठल्याशा मौलवींचे एक वाक्य साऱ्या मुसलमानांवरचा हुकूम म्हणून दाखवले जाते. मराठी वृत्तपत्रे तर राजकीय पक्षाच्या आदेशालाही 'फतवा' म्हणतात!

शब्दांचा हा खेळ स्वस्त नाही. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये कोरोनाचे रुग्ण आढळले. आयोजकांचे चुकले असेल, तर जाब जरूर विचारावा. पण काही निवेदकांनी 'कोरोना जिहाद' हा शब्द घरोघरी पोहोचवला. त्याची किंमत कुणी मोजली? नाव विचारून हाकलल्या गेलेल्या भाजीवाल्याने. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांच्या प्रचारावरही ताशेरे ओढले. आरोपांसाठी रात्री जागवणाऱ्या किती निवेदकांनी या निकालाला तेवढा वेळ दिला?

टीकेचे आम्हाला वावडे नाही. १९६६ साली हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्यांची मते अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण ते समाजात राहून, समाजाला ओळखून बोलत होते. निवेदकाला मात्र उत्तर नको असते, भांडण हवे असते.

आणि त्याला भांडायला माणूस आपणच पुरवतो. दाढी-टोपी म्हणजे इल्म नव्हे. जो स्टुडिओत ओरडून येतो, त्याला कौमचा प्रतिनिधी कुणी नेमले? आमचे खरे आलिम उर्दूत बोलतात, शेजारी मराठीत ऐकतो. मधली जागा रिकामी राहते आणि ती निवेदक भरून काढतो.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो, शब्दाचा अर्थ आधी समजून घ्या, मग तो वाक्यात वापरा. निवेदकांकडून आमची मागणी एवढीच आहे. आणि तो अर्थ मराठीत सांगण्याचे काम आपले, मराठी मुसलमानांचे आहे.