मोबाईल ट्रक रिपेअर: हायवेकडे नको, यार्डाकडे बघा



"मोबाईल रिपेअरचा धंदा टाकायचाय" असं कुणी म्हटलं की डोळ्यासमोर फोनची फुटलेली काच येते. आज आपण बोलतोय ते दुसऱ्या मोबाईल रिपेअरबद्दल. पिकअपमध्ये हत्यारं भरायची, जिथं गाडी बंद पडली तिथं जायचं, आणि ट्रक, टिपर, जेसीबी, पोकलेन जागेवरच चालू करून द्यायचा. गॅरेजचं भाडं नाही, शेड नाही. गॅरेजच तुमच्याकडे चालत येतं!

धंदा चांगला आहे, मागणीही आहे. पण आयटीआय करून चार-पाच वर्षं कुणाच्या तरी गॅरेजला हात काळे केलेली मुलं जेव्हा हा प्लॅन घेऊन येतात, तेव्हा दहातल्या नऊ जणांच्या डोक्यात एकच चित्र असतं. रात्रीची वेळ, घाटात बंद पडलेला ट्रक, हतबल ड्रायव्हर, आपण पोचलो, गाडी चालू केली, मागेल तेवढे पैसे मिळाले. चित्र भारी आहे. माझं मत मात्र स्पष्ट आहे: हायवेवरच्या ब्रेकडाउनवर तुमचं नाव होईल, पण चूल पेटेल ती यार्डातल्या ठरलेल्या कामावर. धंदा यार्डापासून सुरू करा. का, ते आकड्यांत बघू.

गिऱ्हाईक नेमकं कशाचे पैसे देतं?

तुम्ही म्हणाल, रिपेअरचे. नाही! ते गाडी उभी राहण्याचा वेळ वाचवण्याचे पैसे देतं.

समजा एका टिपरचा बँकेचा हप्ता महिन्याला ६० हजार आहे आणि गाडी महिन्यात २५ दिवस चालते. म्हणजे गाडी हलो न हलो, दिवसाचे २,४०० रुपये फक्त हप्त्याचे गेले. वर ड्रायव्हरचा पगार, बुडालेलं भाडं, साइटवर खोळंबलेली माणसं. हे सगळं थांबलंय कशासाठी? बऱ्याचदा दोन-पाचशे रुपयांच्या पट्ट्यासाठी, फुटलेल्या एअर पाइपसाठी, नाहीतर बॅटरीच्या सैल टर्मिनलसाठी.

म्हणजे मालकाला खरी गरज कुणाची आहे? गाडी बंद पडल्यावर धावत येणाऱ्याची, हो. पण त्याहून जास्त, गाडी बंदच पडू नये हे बघणाऱ्याची. दुसरी गरज नियमित असते, दिवसा असते आणि एकाच जागी असते. धंदा म्हणतात तो हाच.

वही-पेन घ्या

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे टाका आणि स्वतः हिशोब करा.

महिन्याचा खर्च: पिकअपचा हप्ता १२ हजार, हेल्पर १५ हजार, डिझेल १२ हजार, विमा आणि गाडीची देखभाल ४ हजार, ग्रीस-कापड-किरकोळ ४ हजार, आणि तुमचा स्वतःचा पगार २५ हजार. शेवटची ओळ खोडू नका! स्वतःचा पगार न धरता जो धंदा "फायद्यात" दिसतो, तो तोट्यातच असतो. एकूण झाले ७२ हजार.

२६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. ७२ हजार भागिले २०८, तासाला साधारण ३४६ रुपये. इथंच फसगत होते. कारण २०८ तासांत तुमचा पाना फिरत नाही. निम्मा वेळ रस्त्यात, पार्टच्या दुकानात आणि "मालक येतायत, थांबा" यात जातो. कामाचे तास १०४ धरा. मग तासाचा खर्च होतो जवळजवळ ७०० रुपये. ७०० घेतले तर ना नफा, ना तोटा. हत्यार तुटलं, एखादं काम फुकटात परत करून द्यावं लागलं, की खिशातून गेले.

आता दोन कॉल शेजारी ठेवा.

पहिला कॉल हायवेचा. ४० किलोमीटर लांब, जाऊन-येऊन दोन तास. काम एक तासाचं. पार्ट आणायला आणखी एक तास. एकूण चार तास, म्हणजे तुमचा खर्च जवळपास १,४०० रुपये. मालक फोनवरून म्हणतो, "अहो, तासाभराचं तर काम आहे, आठशे घ्या." घेतले की सहाशेचा तोटा.

दुसरा कॉल खडी क्रशरचा. जाऊन-येऊन एक तास, सहा टिपर, प्रत्येकी अर्धा तास तपासणी आणि ग्रीसिंग. तेही चारच तास. गाडीमागे फक्त ४०० घेतले तरी २,४०० रुपये. शिवाय तिथं एखादा तुटायला आलेला पाटा किंवा गळणारा होस सापडतो, ते काम वेगळं. आणि ते काम घ्यायला दुसरा कुणी येणार नसतो, तुम्ही आधीच तिथं उभे असता.

यार्ड कुठं शोधायचं?

क्रशर, रेडी मिक्स काँक्रीटचे प्लांट, रस्त्याची कामं घेणारे छोटे कंत्राटदार, विटभट्ट्या, एमआयडीसीतले ट्रान्सपोर्टवाले. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरच्या पट्ट्यात असाल तर उसाचा गाळप हंगाम. त्या चार-पाच महिन्यांत ट्रक, ट्रॅक्टर, हार्वेस्टर रात्रंदिवस पळतात आणि गाडी उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. पण हंगामाचं काम हंगामात मागायला जाऊ नका. पावसाळ्यात, गाड्या उभ्या असताना जा. "हंगामाआधी सगळ्या गाड्या तपासून देतो" म्हणा.

माझ्या मते तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे ३ ते १५ गाड्यांचा मालक. एका गाडीचा मालक बऱ्याचदा स्वतःच ड्रायव्हर असतो, त्याचाच हात तंग असतो. पन्नास गाड्यांवाल्याकडे स्वतःचा मिस्त्री असतो किंवा कंपनीचा वार्षिक करार असतो, आणि बिल तीन टेबलांवरून फिरतं. मधला माणूस मिस्त्री ठेवू शकत नाही आणि गाडी उभीही ठेवू शकत नाही. त्याला तुमची गरज आहे.

त्याला काय विकायचं? महिन्यातून दोन ठरलेल्या फेऱ्या. फेरीत काय काय होणार ते कागदावर लिहून द्या: ग्रीसिंग, एअर टाकीतलं पाणी काढणं, स्लॅक अ‍ॅडजस्टर आणि लायनर बघणं, एअर फिल्टर, पट्टे, होस, बॅटरीचं टर्मिनल, व्हील नट, कमानपाटे. प्रत्येक गाडीचं एक पान, त्यावर तारीख आणि सही. तीन महिन्यांनी हेच पान मालकाला सांगतं की तुमच्यामुळे काय वाचलं.

कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाही

पहिल्या वर्षी इंजिन उघडू नका. गिअरबॉक्स उतरवू नका. रस्त्याकडेला धुळीत इंजिन उघडणारा मिस्त्री धाडसी नसतो, तो गिऱ्हाइकाचं आणि स्वतःचं नुकसान करत असतो.

घ्यायची कामं: सेल्फ, अल्टरनेटर, २४ व्होल्टचं वायरिंग, पट्टे, रेडिएटरचे होस, डिझेल लाइनीतली हवा काढणं, फिल्टर, एअर पाइप आणि व्हॉल्व्ह, ब्रेक सेटिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. मशिनवर हायड्रॉलिक होस आणि बकेटच्या पिना. होस क्रिम्प करायचं मशीन लगेच विकत घेऊ नका. शहरातल्या होसवाल्याशी बोलणी करा, माप पाठवा, तयार होस आणा. महिन्याला किती होस लागतात ते सहा महिने लिहून ठेवा, मग मशीनचं ठरवा.

एक गोष्ट विसरू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. या गाड्यांवर सेन्सर, डीपीएफ, डीईएफची टाकी असा सगळा संसार आहे. स्कॅनर आणि प्रशिक्षण नसेल तर तिथं अंदाजाने पाना लावू नका. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका, वॉरंटीचं भांडण तुमच्या गळ्यात पडेल. आणि कुणी म्हणालं, "ते डीईएफचं झंझट कायमचं बंद करून द्या," तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदा आहे. त्यात मिळणारे चार पैसे उद्या तुमचं नाव घालवतील.

उधारी: या धंद्याचा खरा घाट

ट्रान्सपोर्टच्या लाइनीत "पुढच्या फेरीला देतो" हे वाक्य रोज ऐकाल. म्हणून तीन नियम पाळा. पहिला, व्हिजिट चार्ज यूपीआयवर आल्याशिवाय पिकअपची चावी फिरवायची नाही. दुसरा, पार्टचे पैसे आगाऊ, कारण पार्टवाला तुम्हाला उधार देणार नाही. तिसरा, यार्डाचं बिल महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. दोन बिलं थकली की फेरी बंद. भांडायचं नाही, फक्त जायचं नाही.

उद्यम नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. तिचा फायदा असा, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर ही मुदत चुकवणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरता येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या कंत्राटदाराच्या अकाउंटंटला त्याचा अर्थ बरोबर कळतो!

कर्ज घेण्याआधी

आईचे दागिने मोडून नवी कोरी पिकअप घेऊ नका. जुनी चालेल. गिऱ्हाईक पिकअपचा रंग बघत नाही, तुम्ही किती वाजता आलात ते बघतं. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि ५० हजार ते ५ लाख किशोर कर्ज मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे. पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प मांडता येतो आणि गट व भागानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. पण ती योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. म्हणून आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, गाडीची किंमत प्रकल्पात धरतात का तेही विचारा, आणि मगच दुकानाची पाटी लावा. पिकअपवर कॉम्प्रेसर, जनरेटर कायमचा बसवणार असाल तर आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. पार्ट आणि लेबर मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

जीव राहिला तर धंदा

टिपरचा हौदा वर असताना, आधार लावल्याशिवाय खाली जायचं नाही. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. ब्रेकचा स्प्रिंग चेंबर उघडायचा नाही. आतली स्प्रिंग प्रचंड ताकदीने दाबलेली असते, सुटली तर जीव घेते. चेंबर खराब असेल तर अख्खा बदला, तोही स्प्रिंग बोल्टने आवळून धरल्यावरच. हायड्रॉलिकचा बारीक लीक हाताने चाचपायचा नाही, पुठ्ठा वापरा. दाबातलं तेल कातडीतून आत घुसतं, तेव्हा जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. रस्त्यावर काम असेल तर रिफ्लेक्टरचं जाकीट, मागे लांबवर त्रिकोण, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर आधी १०३३ ला फोन.

"पण सर, रात्रीच्या कॉलला तिप्पट पैसे मिळतात!"

मिळतात, कधीकधी. पण अडलेल्या ड्रायव्हरकडून तिप्पट घेतलेत, तर तो ढाब्यावर दहा जणांना सांगतो. आणि तिप्पट पैशाच्या नादात रात्रभर जागलात, तर सकाळी क्रशरवर ठरल्या वेळी पोचत नाही. एका रात्रीसाठी बारा महिन्यांचं गिऱ्हाईक घालवणं हा धंदा नाही. रात्रीचे कॉल घ्या, पण आधी आपल्या यार्डवाल्यांचे, १५-२० किलोमीटरच्या आतले, आणि दर आधी सांगून.

या आठवड्याचं होमवर्क: पिकअप बघायला जाऊ नका. मोटरसायकल काढा. घरापासून २० किलोमीटरमधले दहा यार्ड फिरा. प्रत्येक मालकाला तीनच प्रश्न विचारा: गाड्या किती? गेल्या महिन्यात किती वेळा उभ्या राहिल्या? कशामुळे? उत्तरं वहीत लिहा. दहातल्या तिघांनी जरी "या, एकदा बघून जा" म्हटलं, तरी तुमचा धंदा सुरू झाला समजा. आणि कुणीच म्हटलं नाही, तर पिकअपचे पैसे वाचले. दोन्ही बाजूंनी तुमचाच फायदा!

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.