फायटरचा दिवा नक्की कोणासाठी?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे बेट्टा, म्हणजे आपण दुकानात ज्याला 'फायटर' म्हणून मागतो तो मासा. आणि त्यातही फक्त त्याच्या डोक्यावरचा दिवा. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या गासमध्ये नवीन बिल्डिंगा झाल्या तसे हॉलमधल्या टीव्हीशेजारी फिश टँकही आले, आणि घरी मासे आहेत म्हटल्यावर लोक मला एकच प्रश्न विचारतात: "लाईट किती तास ठेवायचा रे?" (कोणी पाणी किती दिवसांनी बदलायचं हे विचारत नाही. असो.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. फायटरला वेगळ्या दिव्याची गरज जवळजवळ नसते. त्याला गरज असते ती रोज ठरलेल्या वेळी होणाऱ्या काळोखाची, आणि फ्लॅटमध्ये नेमकी तीच गोष्ट मिळत नाही.

आता हा प्राणी मुळात कुठला ते बघू. बेट्टा स्प्लेन्डेन्स हा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. उथळ पाणी, भातशेती, दलदल, गवत, पाण्यावर तरंगणारी पानं असा त्याचा संसार. आपल्या मरळीशी त्याचं लांबचं नातं आहे. दोघंही पाण्यावर तोंड काढून थेट हवा घेतात. थायलंडमध्ये लोक त्याला शेकडो वर्षं पाळत आलेत. 2022 साली आलेल्या एका जनुकीय अभ्यासाने हा काळ किमान 400 वर्षांचा असल्याचं म्हटलंय. 2019 मध्ये तर त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.

पण त्याचं मूळ घर कसं असेल हे समजायला थायलंडला जायची गरज नाही. आमच्याकडे यायचं आणि एखाद्या बावखलाच्या काठावर उभं राहायचं. (बाहेरच्यांसाठी: बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. जी अजून बुजवली नाहीत ती बघून घ्या.) भर दुपारी बारा वाजतासुद्धा तिथे लख्ख ऊन नसतं. नारळीच्या झावळ्यांतून गाळून आलेला उजेड, त्याखाली शेवाळ, पाण्यात पडलेली पानं, आणि दोन हातांवर पाणी थेट काळसर. बेट्टा अशा उजेडातला मासा आहे. शोरूमच्या उजेडातला नाही.

नेटवर शोधलंत तर "रोज 8 ते 12 तास लाईट द्या" असं हमखास सापडतं. सल्ला तसा चूक नाही, पण तो बऱ्याचदा अशा देशांतल्या लोकांनी लिहिलेला असतो जिथे डिसेंबरमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो. लंडनचा हिवाळ्यातला दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यामुळे तिथे दिवा हवाच. आता आपलं गणित बघा. गासमध्ये वर्षातला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सर्वात लहान साधारण अकरा तासांचा. बँकॉकमध्ये हेच आकडे साधारण तेरा आणि सव्वाअकरा. म्हणजे थायलंडच्या माशाला वसईचा सूर्य जवळपास जसाच्या तसा चालतो! खिडकी असलेल्या खोलीत, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी टँक ठेवलात तर माशाचा दिवस आपोआप झाला. थेट ऊन मात्र टाळायचं. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये दहा-पंधरा लिटर पाणी तापायला वेळ लागत नाही, आणि शेवाळं इतकं वाढतं की मासा शोधावा लागतो.

मग टँकला दिवा लागतोच कशाला? आमच्या धंद्यात कुठलंही फीचर बनवायच्या आधी एक प्रश्न विचारतात, निदान विचारायला हवा: याचा युजर कोण? टँकच्या दिव्याचा युजर तुम्ही-आम्ही आहोत. लहानपणी शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय बघितलेलं असतं. आपण काळोखात, मासे उजेडात. (1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय 2022 पासून बंद आहे.) ते चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घरचा टँकसुद्धा आपल्याला तसाच हवा असतो, रात्री हॉलचे दिवे घालवून झगमगणारा.

आणि इथेच खरी गंमत आहे, म्हणजे आपल्यासाठी गंमत. खोलीत अंधार आणि टँकमध्ये उजेड असला की आतल्या बाजूने काचेचा आरसा होतो. रात्रीच्या लोकलमध्ये खिडकीच्या काचेत बाहेरचं काही न दिसता स्वतःचाच चेहरा दिसतो ना, तस्संच. आता फायटर नर दुसऱ्या नराला बघितल्यावर काय करतो ते ठाऊकच आहे. कल्ले पसरायचे, पंख ताणायचे, अंग वाकवून धाक घालायचा. बाहेर बसलेली पाहुणेमंडळी म्हणतात, "अय्या, कसा पिसारा फुलवलाय बघ!" मोबाईल निघतात, रील होतं. आत मात्र तो शत्रूला हाकलत असतो, आणि शत्रू जातच नाही, कारण दिवा चालू आहे. एक-दोन मिनिटं असं झालं तर काही बिघडत नाही, पण रोज रात्री तीन-चार तास हेच चालू राहिलं तर मासा दमतो, खाणं कमी करतो. उपाय अगदी फुकटचा आहे. टँकचा दिवा चालू असेल तोवर खोलीतलाही दिवा चालू ठेवा. मागच्या काचेला बाहेरून गडद कागद लावा, पण त्यानेही आरसा होत नाही ना ते समोरून न बघता बाजूने, माशाच्या नजरेने तपासा.

दुसरा प्रकार म्हणजे रात्रभर मंद निळा एलईडी. दुकानदार त्याला 'मूनलाईट' म्हणतो आणि आपल्याला ते काव्यात्मक वाटतं. पण चांदणं किती मंद असतं याचा आपल्याला अंदाजच नसतो. पौर्णिमेचा उजेड एक लक्सच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा क्वचितच भरतो. 2015 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी पर्च जातीच्या माशांवर केलेल्या प्रयोगात रात्री फक्त एक लक्स उजेड ठेवला, तरी शरीराला 'आता रात्र झाली' असं सांगणारं मेलाटोनिन दबलं गेलं. खरं सांगायचं तर त्याच प्रयोगात माशांच्या शरीरातला ताणाचा हार्मोन वाढलेला दिसला नाही, तेव्हा उगाच घाबरवत नाही. शिवाय पर्च म्हणजे बेट्टा नव्हे. पण 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्लाउनफिशची (आपला निमो हो!) अंडी रात्रीच्या कृत्रिम उजेडात ठेवली तेव्हा एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नाही. माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून काळोख करायची सोय त्यांच्याकडे नाही, ती आपण करून द्यायची.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्यापैकी कित्येकजण फायटर ऑफिसच्या डेस्कवर ठेवतात. काचेचा वाडगा, दोन रंगीत गोटे, एक प्लास्टिकचं झाड, मॉनिटरच्या शेजारी. दिसतं छान, डेडलाईनच्या दिवशी बरंही वाटतं. पण ज्या मजल्यावर अमेरिकेच्या वेळेनुसार सपोर्ट चालतो तिथले दिवे कधीच बंद होत नाहीत. दिवसा ट्यूब, रात्री ट्यूब, शनिवारी ट्यूब. आपण निदान नाईट शिफ्टचा भत्ता घेतो आणि सकाळी घरी जाऊन पडदे ओढून झोपतो. त्या वाडग्यातल्याने काय करायचं? चोवीस तास दिवे असणाऱ्या ऑफिसात फायटर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तर येऊ दे. ठेवलाच असेल तर घरी न्या. फारच जीव अडकला असेल तर मनीप्लांट ठेवा, तो ट्यूबलाईटमध्ये खुशाल जगतो.

"पण मी घरीच येतो रात्री नऊला, मग मासा बघायचा कधी?" हा प्रश्न मात्र शंभर टक्के रास्त आहे. अंधेरीहून गर्दीत उभं राहून नालासोपारा, तिथून गासची रिक्षा, जेवण होईपर्यंत दहा. त्या माणसाला "दिवा लावू नकोस" म्हणणं सोपं नाही, कारण त्या वेळी समोर शांतपणे फिरणारा मासा ही त्याचीसुद्धा गरज असते. यावर मला जमलेली तडजोड अशी: टँक खिडकीपासून लांब, घरातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात असेल तर दिवा हाच त्याचा सूर्य. मग तो सकाळी सहाला उगवायलाच हवा असं नाही. दुपारी बारा ते रात्री दहा ठेवा, म्हणजे जेवताना तासभर मासा बघायला मिळतो. मात्र वेळ रोज तीच हवी, आणि दहानंतर टीव्ही चालू राहणार असेल तर टँकच्या पुढच्या बाजूवर एक जाडसर कापड सोडायचं. वरची बाजू बंद करायची नाही, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं. टँक खिडकीजवळ असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही. तिथे सकाळपासूनच उजेड असतो, वर रात्री दहापर्यंत दिवा म्हणजे सोळा तासांचा दिवस झाला. अशा घरात संध्याकाळी खोलीच्या साध्या उजेडात मिळेल तेवढा बघायचा आणि बाकी शनिवार-रविवारी.

टँकमध्ये खरी झाडं असतील तर त्यांच्यासाठी दिवा लागू शकतो, पण तोही थोडाच. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस ही मंडळी कमी उजेडात तग धरतात. पंधरा-वीस लिटरला पाच-सात वॅटचा साधा पांढरा एलईडी सहा ते आठ तास पुरे. वर थोडी तरंगणारी झाडं सोडलीत तर उजेड गाळून येतो आणि फायटर त्यांच्याच आडोशाला जाऊन बुडबुड्यांचं घरटं बांधतो. रंग बदलणारी पट्टी घेऊ नका, ते पैसे टायमरमध्ये घाला. दिवा लावतानाही आधी खोलीतला लावायचा, मग पाच-दहा मिनिटांनी टँकचा. गडद काळोखात एकदम झगझगाट झाला की मासा दचकून काचेवर आपटतो, झाकण नसेल तर बाहेरही उडतो.

टायमर घेताना एक बघून घ्या. तबकडीवाला स्वस्तातला टायमर वीज गेली की जागच्या जागी थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. 2000 च्या दशकातलं भारनियमन आता नसलं तरी पावसाळ्यात आमच्याकडे दिवे जातातच. दोन तास वीज गेली की माशाची रात्र दोन तास पुढे सरकली. त्यामुळे जून ते सप्टेंबर दर रविवारी तबकडी घड्याळाशी जुळवून ठेवायची, नाहीतर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्यायचा.