शंभर की नव्याण्णव?



पाणी किती तापमानाला उकळते, असे विचारले तर तुम्ही सारे एका सुरात सांगाल, "शंभर अंश सेल्सिअसला!" मीही तेच सांगत असे. अकोल्याला नववीत असताना एकदा प्रयोगशाळेत चंचुपात्रातले पाणी खळखळा उकळू लागले आणि तापमापकातला पारा 99 वर येऊन थांबला. काही केल्या तो पुढे सरकेना. मी वहीत 99 लिहिले. शेजारच्या मित्राने हळूच गाइड पुढे केले. मी 99 खोडून 100 लिहिले आणि मला दहापैकी दहा गुण मिळाले! ते गुण मला आजही खुपतात.

प्रयोगांच्या पुस्तकांची परंपरा फार जुनी आहे. इटलीतील नेपल्स शहरी जिआम्बातिस्ता देल्ला पोर्ता नावाचा एक जिज्ञासू गृहस्थ होऊन गेला. त्याच्या 'निसर्गाची जादू' या ग्रंथाची वीस भागांची आवृत्ती 1589 साली निघाली. भिंगे, लोहचुंबक, अत्तरे, स्वयंपाक अशा नाना विषयांवरील कृती त्यात होत्या. लसणाच्या वासाने लोहचुंबकाची शक्ती नाहीशी होते, अशी त्या काळी समजूत होती. पोर्ताने काय केले? त्याने लसूण खाऊन लोहचुंबकावर फुंकर मारली, लसणाचा रसही त्याला चोळून पाहिला. लोहचुंबकाची शक्ती जशीच्या तशी राहिली. ती समजूत खोटी ठरली.

परंतु गंमत अशी, की हिऱ्यावर घासलेले लोखंड उत्तर दिशा दाखवते, असेही याच पोर्ताने लिहून ठेवले होते! इंग्लंडमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट याने ते नुसते वाचून मान डोलावली नाही. एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल 75 हिरे घेऊन त्याने साक्षीदारांसमोर प्रयोग केला. लोखंडावर काहीच परिणाम झाला नाही. 1600 साली प्रसिद्ध झालेल्या लोहचुंबकावरील आपल्या ग्रंथात त्याने तसे स्पष्ट लिहिले. पुस्तक एकच, त्यातली एक गोष्ट खरी, दुसरी खोटी. करून पाहिल्याशिवाय ती कशी ओळखणार?

पुढे 1806 साली जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने रसायनशास्त्राचे पुस्तक लिहिले. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेच्या हाती ते पडले. त्यातील विधाने त्याने जमेल तशा लहानसहान प्रयोगांनी पडताळली आणि ती खरी निघाल्यावरच पुस्तकावर विश्वास ठेवला. आपल्या मराठीतही हरि केशवजी यांनी 1830 च्या दशकात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांवर संवादरूप पुस्तके दिली. म्हणजे अशी पुस्तके मराठी वाचकाला जवळजवळ दोनशे वर्षे मिळत आहेत. पण ती पडताळून पाहण्याची सवय आपण किती लावून घेतली?

आता माझ्या 99 कडे वळू. पुस्तकातले 100 खोटे नाही, पण ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला लागू आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. सुमारे 300 मीटर चढले, की उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर आहे, अमरावती सुमारे 340 मीटरांवर, तर चिखलदरा सुमारे 1,100 मीटरांवर. म्हणून अकोला-अमरावतीला पाणी 99 अंशांच्या आसपास आणि चिखलदऱ्याला 96 च्या आसपास उकळायला हवे. मी खोडला तो आकडा चुकीचा नव्हता. माझ्या गावाच्या उंचीची ती नोंद होती, आणि मी ती रबराने पुसून टाकली!

"पण तापमापकच सदोष असेल तर?" असे तुम्ही विचाराल. शंका अगदी रास्त आहे. मग तीही तपासा. वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात तापमापक ठेवा. पारा शून्यावर येतो का ते पहा. येत नसेल, तर किती फरक पडतो ते वहीत नोंदवा. (उकळत्या पाण्याचा प्रयोग मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.)

शिक्षकांनाही एक नम्र विनंती आहे. परीक्षेत 100 हेच उत्तर धरतात, मग मुलांचे नुकसान कशाला, ही तुमची अडचण मी जाणतो. पण प्रयोगवहीत दोन्ही आकडे मावतात : पुस्तकातला 100 आणि वर्गातला 99. दोहोंत फरक का पडला, हे जो विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहील, त्याला पूर्ण गुण द्या. आणि तीस वह्यांत तीस वेळा नेमके 100 आढळले, तर शाबासकी देण्यापूर्वी थोडे थांबा. तीस जणांनी प्रयोग केला, की तीस जणांनी एकच गाइड उतरवून काढले?

मित्रहो, अकोला, अमरावती आणि चिखलदरा येथील तुमच्यापैकी काहींनी एकाच दिवशी हा प्रयोग करून आकडे एकमेकांना पत्राने कळवले, तर किती बहार येईल! ते आकडे कोणत्याही गाइडात सापडणार नाहीत. मात्र एक पथ्य पाळा. पारा जिथे थांबेल तोच आकडा लिहा, आणि रबर दप्तरातच राहू द्या.