उद्यानाखालचे तेल, उद्यानातली माणसे

११ मे २०२० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आसाममधील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालील तेलसाठ्यात सात विहिरी खोदण्यास ऑईल इंडिया या सार्वजनिक कंपनीला पर्यावरणीय मंजुरी दिली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, २७ मे रोजी, याच उद्यानाला लागून असलेल्या बागजान येथे याच कंपनीच्या पाच क्रमांकाच्या विहिरीवरील नियंत्रण सुटले आणि नैसर्गिक वायू व तेलाचे तुषार आसमंतात फेकले जाऊ लागले. ९ जूनला विहिरीने पेट घेतला. कंपनीचे दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, घरे जळाली, हजारो ग्रामस्थांना मदत छावण्यांत आश्रय घ्यावा लागला. ही विहीर पूर्णपणे शांत करण्यास १५ नोव्हेंबर उजाडला.

बागजानची गणना औद्योगिक अपघातांत होते आणि ती योग्यच आहे. परंतु अपघात म्हणून त्याची नोंद झाली की चर्चा यंत्रसामग्री, कंत्राटदार आणि भरपाई एवढ्यापुरती उरते. त्या सोळा दिवसांच्या आधी आणि नंतर जे घडले ते पाहिले तर मूळ प्रश्न वेगळाच असल्याचे दिसते. ज्या भूमीखाली तेल आहे, त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाचा त्या तेलाविषयीच्या निर्णयात नेमका अधिकार कोणता? याचे उत्तर राजधानीतील एकाही मंत्रालयाच्या कागदावर सापडत नाही.

वाट्याचे राजकारण

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात देशी तेल म्हटले की मुंबई हायचे चित्र उभे राहते. तेथील विहिरी किनाऱ्यापासून दूर समुद्रात आहेत. आसाममध्ये तेल गावाखाली, चहामळ्याखाली, भातशेतीखाली आहे. दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले, १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेव्हापासून तेल हा आसामच्या राजकारणाचा विषय आहे. मात्र हे राजकारण प्रामुख्याने वाट्याचे होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आसामचे तेल बिहारमध्ये बरौनीला नेण्यास विरोध करीत तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी आंदोलन झाले आणि गुवाहाटीजवळ नूनमाटीचा कारखाना उभा राहिला. १९७९ नंतरच्या परकीय नागरिकांविरोधी आंदोलनात तेलाची वाहतूक रोखली गेली. ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ या आशयाची घोषणा त्याच काळातली. १९८५ च्या आसाम कराराने आणखी एका कारखान्याचे आश्वासन दिले आणि त्यातून नुमालीगढ उभे राहिले.

या प्रत्येक टप्प्यावर दिल्ली आणि गुवाहाटी यांच्यातील वाद तेलाचा लाभ कोणाला, हा होता. तेल काढावे की नाही, कोठे काढू नये आणि ते कोणाला विचारून काढावे, हे प्रश्न प्रादेशिक अस्मितेच्या राजकारणातही मागेच राहिले. भूभागावरील तेलाचे स्वामित्वशुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होत असल्याने राज्य सरकारांनाही ते पुढे आणण्यात रस नव्हता. बागजान परिसरातील विहिरी काँग्रेसच्या राजवटीत खोदल्या गेल्या, अपघात भाजपच्या राजवटीत झाला. धोरणात फरक पडला नाही. अपघातानंतर वर्षभराच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत भाजप आघाडीने सत्ता राखली. तिनसुकिया जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातील दुःख राज्याच्या निवडणुकीचे गणित बदलू शकत नाही, हा धडा सर्वच पक्षांनी घेतला असणार.

एकाच भूमीवर दोन कायदे

दिब्रू-सैखोवा हे ब्रह्मपुत्रेच्या पुरानेच घडविलेले, सुमारे ३४० चौरस किलोमीटरचे उद्यान आहे. रानटी बनलेले घोडे, असंख्य पक्षी आणि भोवतालच्या नद्यांतील गांगेय डॉल्फिन ही त्याची ओळख. शेजारच्या मागुरी-मोटापुंग या विस्तीर्ण पाणथळीवर मासेमारी करणारे आणि पर्यटकांसाठी होड्या चालविणारे लोक जगतात. परिसरात मिसिंग, मोरान, मटक आणि चहामळ्यांतील मजुरांच्या वस्त्या आहेत.

यातील मिसिंगांची कथा विशेष बोलकी आहे. ही नदीकाठची अनुसूचित जमात. घरे उंच खांबांवर, जगणे मासे, भातशेती आणि गुराढोरांवर. १९५० च्या महाभूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचे पात्र बदलले, गावे वाहून गेली आणि काही मिसिंग कुटुंबे लाइका व दोधिया येथे येऊन वसली. १९९९ मध्ये जंगल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि तेथे आधीपासून राहणारे हे लोक एका अधिसूचनेने कायद्याच्या नजरेत उपरे ठरले. राष्ट्रीय उद्यानात पक्की शाळा, रस्ता, वीज यांना वाव नाही. पुनर्वसनाची मागणी दोन दशके रेंगाळली. २०२० च्या डिसेंबरात या गावकऱ्यांनी तिनसुकियात ठिय्या आंदोलन केले, तेव्हा कोठे २०२१ च्या प्रारंभी राज्य सरकारने त्यांच्या स्थलांतराची तयारी दाखविली.

म्हणजे एकाच भूमीवर दोन कायदे दोन विरुद्ध दिशांनी चालतात. वन्यजीव संरक्षण कायद्याला हे जंगल इतके मोलाचे वाटते की तेथे शाळेची भिंत चालत नाही. तेलविषयक कायद्याला ते केवळ साठ्यावरचे छप्पर वाटते. उद्यानाच्या सीमेबाहेरून तिरकस खोदकाम करून आतल्या साठ्यापर्यंत पोहोचता येते. त्यामुळे पृष्ठभागाला धक्का लागत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद आहे. तांत्रिकदृष्ट्या तो निराधार नाही. परंतु बागजानची पाच क्रमांकाची विहीरही उद्यानाच्या बाहेरच होती. वायू सीमारेषा पाहून पसरत नाही आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग अधिसूचना वाचत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने अपघातानंतर केलेल्या पाहणीत पाणथळ व उद्यान या दोहोंची गंभीर हानी नोंदविली आणि या भागातील नियोजित नव्या विहिरींना परवानगी देऊ नये, असे सुचविले. शासनाच्याच संस्थेचा हा निष्कर्ष आहे.

तुकड्यांमधली मंजुरी

असे असताना मंजुरी मिळते कशी? कोणी एक अधिकारी ती देत नाही, हे त्याचे उत्तर आहे. वन्यजीवांचा प्रश्न राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे, प्रदूषणाचा तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे, वनजमिनीचा वन सल्लागार समितीकडे, जैवविविधतेचा राज्य मंडळाकडे. प्रत्येक समिती आपल्यापुरत्या अटी घालते आणि उरलेले दुसरीने पाहिले असेल असे गृहीत धरते. सात विहिरींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच राज्य जैवविविधता मंडळामार्फत परिणामांचा अभ्यास करण्याची अट घातली होती. तो अभ्यास झालेला नसतानाच २०२० ची मंजुरी निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. न्यायालयात कोणी गेलेच नसते तर ही त्रुटी कोणाच्या ध्यानात आली असती, हा प्रश्न उरतोच.

अपघातानंतरचा घटनाक्रमही याच पठडीतला आहे. आसामच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९ जून २०२० रोजी कंपनीला त्या परिसरातील काम बंद करण्याची नोटीस बजावली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. राष्ट्रीय हरित लवादाने न्या. बी. पी. काटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कंपनीकडे आवश्यक ती संमतिपत्रे नव्हती, असे या समितीने नोंदविले. पुढे २०२१ मध्ये लवादाने नव्या समित्या नेमल्या, तेव्हा त्यांतील एकीत कंपनीच्याच व्यवस्थापकीय संचालकांना स्थान दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त करून त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुन्हा न्या. काटकी यांच्याकडे काम सोपविले.

दरम्यान नियम सैल होत गेले. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल व वायूच्या शोधासाठी होणाऱ्या खोदकामाला पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अभ्यास आणि जनसुनावणी यांतून मोकळीक मिळाली. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मान्यतेनंतर राज्यांनी पाहावी, अशी व्यवस्था केली. २०२३ च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्रातील शोधकार्याला सवलत देण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. २०२४ च्या अखेरीस जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार गिबन अभयारण्याच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात वेदान्त समूहाच्या केर्न कंपनीच्या शोधविहिरीला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने अनुकूलता दाखविली, तीही अशा हमीवर की साठा सापडला तरी तेथून उत्पादन घेतले जाणार नाही. जेथून तेल काढायचेच नाही तेथे ते शोधायचे कशासाठी, असा प्रश्न सामान्य माणसालाही पडेल.

संमतीची रिकामी जागा

सरकारची बाजू पोकळ नाही. देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात होते आणि देशी उत्पादन वर्षाला तीन कोटी टनांच्याही आत रेंगाळत आहे. पश्चिम आशियात तणाव वाढला किंवा २०२२ प्रमाणे युरोपात युद्ध भडकले की परकीय चलनाचा ताण अर्थमंत्रालयाला थेट जाणवतो. ऑईल इंडिया ही अप्पर आसाममधील रोजगाराचा मोठा आधार आहे; तेथील अनेक कुटुंबांना कंपनी नको नसून सुरक्षित कंपनी हवी आहे. मात्र आयातीचे हे प्रमाण पाहता एका उद्यानाखालच्या साठ्याने देशाचे परावलंबन संपणार नाही, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय गरजेचा हवाला प्रत्येक विहिरीला सारखाच लागू करता येत नाही.

स्थानिकांत मतभेद असणे ही भारताची खासियत नाही. अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानात कॅरिबू हरणांच्या प्रसूतीच्या मैदानावर तेलविहिरी नकोत म्हणून ग्विचिन आदिवासी अनेक दशके लढत आहेत, तर तेथेच राहणाऱ्या इनुपियाट समाजातील अनेकांना तेलाचे उत्पन्न हवे आहे. अमेरिकी काँग्रेसने २०१७ मध्ये ते क्षेत्र खुले केले. जानेवारी २०२५ च्या लिलावात एकही बोली आली नाही, तरीही त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी चार लिलावांची सक्ती करणारा कायदा झाला. इक्वेडोरच्या जनतेने ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी यासुनीच्या जंगलातील एका तेलपट्ट्यातील उत्पादन थांबविण्याचा कौल दिला. अंमलबजावणी मात्र रखडली. या दोन्ही देशांचा अनुभव आदर्श नाही. पण तेथे निर्णय कोणी घेतला आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले, हे जाहीर आहे. आपल्याकडे ते एखाद्या समितीच्या इतिवृत्तातील परिच्छेदात दडलेले असते.

भारताला यासाठी बाहेर पाहण्याचीही गरज नाही. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरी पर्वतावरील बॉक्साईटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. दिब्रू-सैखोवात तसे का होत नाही? कारण खोदकाम बाहेरून होत असल्याने वनजमीन वळविली जात नाही, असे मानले जाते. आणि वनजमीन वळविली नाही तर ग्रामसभेला विचारण्याचे कारणही उरत नाही. जनसुनावणी जेथे होते तेथे लोकांचे म्हणणे ऐकले जाते, परंतु त्यांची संमती घेतली जात नाही. त्यातही मिसिंग अनुसूचित जमातीत आहेत; मोरान आणि मटक तो दर्जा वर्षानुवर्षे मागत आहेत. वनहक्कासाठी अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो, इतरांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्या प्रदेशात नदी दर काही वर्षांनी गावच गिळते, तेथे ७५ वर्षांचा पुरावा आणायचा कोठून?

भरपाईतही ही पोकळी उघडी पडली. घराचे नुकसान मोजता येते, म्हणून प्राथमिक वर्गवारी घरांच्या हानीवरून झाली. पाणथळीतील मासळीचा सातबारा नसतो. हंगाम बुडालेला होडीवाला, चारा तेलकट झाल्याने दुभती जनावरे हलविणारा गवळी यांची हानी त्या कोष्टकात सहज बसत नाही. उपजीविकेला कायद्याने मालमत्तेचा दर्जा दिलेला नाही, म्हणून ती बुडाल्यावर तिची किंमतही सरकारी मेहेरबानीचा विषय होते.

यावर उपाय अशक्यप्राय नाहीत. राष्ट्रीय उद्याने व त्यांच्या संवेदनशील क्षेत्राखालील साठे, खोदकाम कोठूनही होवो, उद्यानातीलच मानले जावेत. अशा ठिकाणी शोधविहिरीलाही जनसुनावणीची सूट नसावी. प्रभावित गावांच्या ग्रामसभांचा ठराव मंजुरीच्या आधी बंधनकारक असावा आणि सर्व समित्यांच्या अटींची पूर्तता झाल्याचे एकाच यंत्रणेने प्रमाणित केल्याखेरीज खोदकाम सुरू होऊ नये. यातील बहुतेक गोष्टींसाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. गेल्या काही वर्षांत ज्या अधिसूचनांनी नियम सैल केले, तशाच अधिसूचनांनी ते घट्ट करता येतील.

लाइका-दोधियाच्या मिसिंगांना जंगल वाचविण्यासाठी उठून जाण्यास सांगितले जाते. त्यांनी ते मान्यही केले आहे. ते गेल्यानंतर त्याच जंगलाखालून तेल काढले गेले, तर संरक्षण या शब्दावर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. तेलाच्या वाट्यासाठी पेटलेला आसाम दिल्लीने पाहिला आहे. जमिनीच्या हक्कासाठी तो पेटण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.